घर विकण्याआधी बाथरूम बघा

प्रश्न: आईला (वय 63) 14 वर्षांपासून आमवात आहे. दिवाळीत ती बाथरूममध्ये पडली. हाड मोडलं नाही, पण तेव्हापासून जिना उतरलेली नाही. पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा बिनलिफ्टचा फ्लॅट 52 लाखांना जातोय, लिफ्टचा 70 लाखांना मिळतोय. 18 लाखांचं कर्ज काढू का?

उत्तर: 18 लाखांत भागणार नाही. 70 लाखांवर 7 टक्के मुद्रांक शुल्क म्हणजे 4 लाख 90 हजार, नोंदणीचे 30 हजार, शिवाय दोन्हीकडची दलाली. सामान हलवेपर्यंत 25 लाख होतात. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षं धरली तर हप्ता महिना 21,700 च्या आसपास. (फ्लॅट एकट्या आईच्या नावावर घेतलात तर शुल्कात 1 टक्का सुटतो, पण मग हप्ते तुम्ही भरूनही व्याजाची वजावट तुम्हाला नाही.)

आणि आई पडल्या कुठे? जिन्यात नाही, बाथरूममध्ये. ते नव्या फ्लॅटमध्येही असणारच. माझ्या सासूबाई टॉवेलचा दांडा धरून उठायच्या; एके दिवशी तो स्क्रूसकट हातात आला. म्हणून आधी 20-25 हजार इथेच घाला: विटेपर्यंत रुतवलेले आधाराचे दांडे, कमोडची उंची वाढवणारी बैठक, रात्रीचा दिवा. गोल नळ काढून दांडीचे बसवा, सकाळी बोटं आखडलेली असताना गोल नळ फिरत नाही.

दुसरा खर्च भीतीवर. पडायच्या धास्तीने माणूस चालायचं सोडतो, मांड्यांतली ताकद जाते आणि मग खरंच तोल जातो. तीन महिने फिजिओथेरपिस्ट घरी बोलवा. स्टेरॉइडच्या गोळ्या बरीच वर्षं चालू असतील तर हाडांच्या घनतेची तपासणी, म्हणजे डेक्सा, करायची का हे डॉक्टरांना विचारा. मोडलेल्या खुब्याच्या ऑपरेशनपुढे ही रक्कम किरकोळ आहे.

लिफ्ट नकोच, असं मी म्हणत नाही. गुडघे आणि पावलं दुखत असताना तीन मजले म्हणजे शिक्षाच. पण आपला फ्लॅट 11 महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या आणि त्याच भागात लिफ्टचा भाड्याने घ्या. दोन भाड्यांतला फरक समजा 7 हजार निघाला, तर वर्षाला 85 हजारांच्या आत प्रयोग होतो. आई रोज खाली उतरून भाजी आणायला लागल्या तर पुढच्या वर्षी खुशाल विकत घ्या. लिफ्ट असूनही खिडकीतच बसून राहिल्या, तर अडचण जिन्याची नव्हती.

फ्लॅटचा इसार घेतला नसेल ना अजून? घेऊ नका.