ऑटिझमचे अचूक निदान: दोन तज्ज्ञांची मते वेगळी आली, तर खरे कोणते मानावे?

तुमच्या अडीच वर्षांच्या मुलाला एका तज्ज्ञांनी ऑटिझम असल्याचे सांगितले, दुसऱ्यांनी केवळ बोलायला उशीर होत असल्याचे सांगितले, आणि आता खात्री करून देणारी एखादी तपासणी आहे का, असे तुम्ही विचारले आहे. रक्ताची किंवा मेंदूच्या स्कॅनची अशी कोणतीही तपासणी नाही. निदान वागणुकीवरून होते आणि म्हणूनच मुलाला कोणी, किती वेळ आणि काय शोधत पाहिले, यावर त्याची अचूकता ठरते. बालविकासाच्या क्षेत्रात मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करताना मला जे दिसते, ते सांगते.

'मूल बोट दाखवते का?' या प्रश्नाला बहुतेक आईवडील 'हो' म्हणतात. नेमके काय करते ते करून दाखवायला सांगितले, की अनेकदा कळते, मूल आईचे मनगट धरून तिचा हात बिस्किटांच्या डब्यावर नेऊन ठेवते. याला बोट दाखवणे म्हणत नाहीत. तर्जनीने डबा दाखवणे म्हणजे मागणे. खिडकीतला कावळा दाखवून, आईने तो पाहिला की नाही हे बघायला तिच्या चेहऱ्याकडे वळणे ही त्याहून निराळी गोष्ट, आणि ऑटिझममध्ये बहुधा हीच मागे राहते. एम-चॅट या ऑटिझमची शंका हेरणाऱ्या, पालकांना विचारायच्या २० प्रश्नांच्या चाळणीत या दोन्हींसाठी स्वतंत्र प्रश्न आहेत. मधल्या गुणांच्या मुलांसाठी पालकांशी सविस्तर बोलून उत्तरे पडताळण्याचा दुसरा टप्पाही तिच्यात आहे, पण घाईत नेमका तोच गाळला जातो. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १६ हजार मुलांच्या अभ्यासात दोन्ही टप्प्यांनंतरही शंका उरलेल्यांपैकी जवळपास निम्म्यांनाच ऑटिझम निघाला. विकासाची काही ना काही अडचण मात्र सुमारे ९५ टक्क्यांना होती. म्हणजे चाळणी हे निदान नव्हे, आणि तिच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही.

तुमच्या बाबतीत आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. २०१३ पासून लागू असलेल्या डीएसएम-५ या अमेरिकी निदान-निकषांच्या पुस्तिकेत ऑटिझमसाठी उशिरा बोलणे हा निकषच नाही. सामाजिक देवाणघेवाणीच्या तिन्ही अंगांत (परस्परांना प्रतिसाद, नजर-हावभाव आणि नाती जुळवणे) अडचण असावी लागते, आणि तेच ते वागणे, ठरावीकपणाचा हट्ट, एकाच विषयात अडकणे, आवाज-स्पर्शाबाबतची वेगळी प्रतिक्रिया या चारांपैकी किमान दोन गोष्टी असाव्या लागतात. हे निकष लावण्याआधी कानांची तपासणी झालीच पाहिजे. कुकरच्या शिट्टीला दचकणारे मूल हाकेला ओ देत नसेल, तरी 'ऐकू येते, पण लक्ष देत नाही' असे गृहीत धरू नये. मध्यम श्रवणदोषातही असेच घडू शकते.

मुलींच्या बाबतीत चूक होण्याचा संभव जास्त, आणि ती माझ्याकडूनही झाली आहे. चार वर्षांची एक मुलगी माझ्यासमोर छान भातुकली खेळली आणि 'कल्पक खेळ उत्तम' असे मी लिहून मोकळी झाले. वर्षभराने तिच्या आईने मोबाइलवरचे व्हिडिओ दाखवले. रोज तोच क्रम, कार्टूनमधली तीच वाक्ये, आणि भावाने कप हलवला की सगळा खेळ ठप्प. तेव्हापासून मी घरातले व्हिडिओ पाहिल्याशिवाय मत देत नाही: जेवताना, हाक मारल्यावर, इतर मुलांमध्ये, प्रत्येकी दोन-तीन मिनिटांचे.

आपल्याकडे दिव्यांगत्व प्रमाणपत्रासाठी 'आयसा' ही ४० मुद्द्यांची भारतीय मापनपट्टी वापरतात. ७० किंवा अधिक गुण म्हणजे ऑटिझम. पट्टी उपयोगी आहे. मात्र अनोळखी खोलीत भेदरलेल्या, झोपमोड झालेल्या मुलाला अर्ध्या तासात गुण दिले, तर तो आकडा मुलापेक्षा त्या दिवसाविषयीच जास्त सांगतो.

म्हणून दोन्ही ठिकाणचे लेखी अहवाल मागून घ्या. त्यांत प्रत्येक निकषापुढे प्रत्यक्ष पाहिलेले उदाहरण आहे का, तुमची सविस्तर मुलाखत झाली का, आणि मूल घरी ज्या भाषेत वाढते त्या भाषेत तपासले गेले का, ते पाहा. नसेल, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र काम करतात अशा ठिकाणी जा. या वयात मत अनिश्चित राहिले, तर सहा महिन्यांनी ते पुन्हा तपासता येते. संवादाची थेरपी मात्र त्यासाठी थांबवू नका, कारण दोन्हींपैकी कोणतेही निदान खरे ठरले तरी ती लागणारच आहे.