सोलो पियानो रिसायटलसाठी वेगवेगळ्या धाटणीच्या रचना कशा निवडाव्यात?

४५ मिनिटांच्या पहिल्या रिसायटलमध्ये, म्हणजे एकल वादनाच्या कार्यक्रमात, फक्त शोपँ या संगीतकाराच्याच रचना वाजवू का, असं तुम्ही विचारलंय. मला वाटतं, नको. त्याचं एकच बॅलड (गोष्ट सांगितल्यासारखी पियानो-रचना) ठेवा, जी मायनर या उदास छटेच्या स्केलमधलं पहिलं. त्याआधी हायडनचा एखादा सोनाटा (अनेक भागांची रचना) घ्या, म्हणजे बोटं मोकळी होतील. बॅलडनंतर लगेच दुसरं वादळ नको! तिथे डेब्युसीचं १९०३ सालचं 'एस्ताम्प' हा तीन रचनांचा संच फार शोभेल. त्यातल्या 'पागोद'मध्ये जावाच्या गॅमेलानची, म्हणजे तिथल्या धातूच्या वाद्यांच्या वाद्यवृंदाची, छाया आहे. पेडलवर स्वर तरंगत राहतात आणि पियानोचा रंगच पालटतो. शेवटी बार्टोकची सहा रुमानियन लोकनृत्यं, जेमतेम सहा मिनिटांची. लागोपाठच्या रचनांची स्केल (मेजर की मायनर) आणि गतीही तपासा. संगीतकार वेगळे असले तरी दोन संथ मायनर रचना शेजारी आल्या, की श्रोत्यांना त्या सारख्याच वाटू लागतात.