तिसऱ्या हाताचा हट्ट कशासाठी?

प्रश्न : मी ४२ वर्षांची असून वर्षभरापासून फ्रीस्टाइल पोहते. दर तीन हात मारल्यावर, म्हणजे आलटून पालटून दोन्ही बाजूंनी श्वास घ्यावा, असे प्रशिक्षक सांगतात. पण तसे केल्यास ५० मीटरमध्येच धाप लागते. दर दोन हातांनी घेतला तर जरा पुढे जाता येते. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी स्पर्धेत उतरण्याची इच्छा आहे. कोणती पद्धत ठेवावी? – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दोन हातांनी श्वास घेण्यात कमीपणा काहीच नाही. मिनिटाला ६० हात पडत असतील, तर या पद्धतीत ३० श्वास मिळतात आणि तीन हातांच्या पद्धतीत केवळ २०. लांब अंतरांवर वर्षानुवर्षे वर्चस्व राखणारी अमेरिकेची केटी लेडेकीसुद्धा प्रामुख्याने उजव्या बाजूलाच, दर दोन हातांनी श्वास घेते.

मात्र ५० मीटरमध्येच धाप लागते, याचे मूळ हातांच्या मोजणीत नसून श्वास सोडण्यात असावे, असे मला वाटते. पाण्यात श्वास कोंडून धरला की रक्तातील कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि जीव घाबरा होतो तो मुख्यतः त्यामुळे, प्राणवायू संपल्यामुळे नव्हे. शिवाय तोंड बाहेर येताच, त्या अर्ध्या क्षणात, आधी सोडणे आणि मग घेणे ही दोन्ही कामे उरकावी लागतात. म्हणून चेहरा पाण्यात जाताच नाकातोंडातून संथपणे बुडबुडे सोडू लागावे. डोके वर उचलू नये, कारण त्यामुळे पाय खाली जातात. धड कुशीवर वळते त्याच्याबरोबर मान वळवावी आणि गॉगलची एक काच पाण्यातच ठेवावी. पुढे सरकणाऱ्या डोक्याशेजारी पाण्याला जो खळगा पडतो, त्यात तोंडाला हवा सहज मिळते.

तरीही प्रशिक्षकांचे म्हणणे सोडून देऊ नये. समुद्रात लाट किंवा शेजारचा स्पर्धक तुमच्या सवयीच्या बाजूला असेल, तर दुसरी बाजू यावीच लागते. त्यासाठी तलावाची एक लांबी डावीकडे व परतीची उजवीकडे श्वास घेत, पण दर दोन हातांनीच, पोहावी. (कमीत कमी श्वासांत लांबी पार करण्याची चढाओढ काही ठिकाणी चालते, तिच्या नादी लागू नये, पाण्यातच शुद्ध हरपण्याचा धोका असतो.) समुद्रात दिशा पाहण्यासाठी हात पुढे जाताना फक्त डोळे पाण्याबाहेर काढावेत आणि श्वास त्यानंतर नेहमीप्रमाणे कुशीकडे वळूनच घ्यावा.