कार वॉशच्या पेमेंट मशीनचं कीपॅड: १, ४, ७ चालत नाहीत. दुरुस्त करू की बदलू?

तुम्ही लिहिलंय की कोड टाकायच्या कीपॅडवर १, ४ आणि ७ लागतच नाहीत, बाकीचे आकडे चालतात, आणि छपाईही पुसत आलीय. नवीन मागवायच्या आधी स्टारचं बटण दाबून बघा. तेही मेलेलं असणार, पैज लावतो.

बारा बटणांच्या कीपॅडमध्ये सहसा प्रत्येक बटणाला वेगळी तार नसते. चार आडव्या ओळी आणि तीन उभे रकाने, अशा सात तारांवर सगळा कारभार चालतो. १, ४, ७ आणि स्टार हा एकच रकाना. झिजून जातं ते बहुतेक जास्त वापरलं जाणारं एखाददुसरं बटण. अख्खा रकाना एकदम झिजत नाही. त्याची तार तुटलीय किंवा कनेक्टर खराब झालाय.

मी हे शिकलो ते एक कीपॅड वाया घालवून. असाच रकाना बंद होता, मी जुनं सोलून नवीन चिकटवलं, आणि रकाना तरी बंदच! कनेक्टरच्या एका पिनेवर हिरवट थर चढला होता. जुनं कीपॅड ठणठणीत होतं, पण सोलताना मुडपलं.

तेव्हा वीज बंद करा, रिबन (कीपॅडमधून निघणारी तारांची चपटी पट्टी) कशी बसलीय त्याचा फोटो काढा आणि ती अलगद सोडवा. मल्टिमीटर ओहमवर ठेवा. तार सलग आहे हे सांगणाऱ्या बीपवर विसंबू नका, कारण चांगल्या मेंब्रेनमध्येही (म्हणजे प्लॅस्टिकच्या पातळ थरांच्या, चिकटवायच्या कीपॅडमध्येही) कधी कधी इतका रोध असतो की बीप वाजतच नाही. आधी चालणारं एखादं बटण दाबून धरा आणि त्याच्या दोन पिना शोधा, म्हणजे किती ओहम येतात याचा अंदाज येईल. मग १ दाबून तेच करा. तसाच आकडा आला, तर कीपॅड चांगलं आहे. पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाळू द्या, रिबन परत नीट बसवा. काहीच आलं नाही, तर रिबनची घडी पडलीय तिथे नीट बघा. मेंब्रेनवरच्या रेघा म्हणजे प्लॅस्टिकवर छापलेली चांदीची शाई असते, करकचून दुमडली की तडकते. तिथे सोल्डरिंग करू नका, प्लॅस्टिक वितळतं. वीज वाहून नेणारा चांदीचा रंग लावून चालू करता येतं, पण मी ते नवीन येईपर्यंतच्या तात्पुरत्या सोयीपुरतंच धरतो.

बदलायचंच ठरलं, तर नुसती बटणं मोजून घेऊ नका. दिसायला सारख्या दोन कीपॅडांच्या पिनांचा क्रम वेगळा असू शकतो, मग १ दाबल्यावर ३ उमटतो. नवीन आल्यावर मागचा कागद न काढता आधी नुसती रिबन जोडा आणि बाराही बटणं दाबून बघा. जुना गोंद हेअर ड्रायरने ऊब देऊन सोडवा, पत्रा अल्कोहोलने पुसून कोरडा करा, मगच चिकटवा. त्यानंतर किमान एक दिवस त्यावर पाण्याचा फवारा जाऊ देऊ नका. पाणी शिरतं ते बहुतेक कडेने किंवा रिबनच्या भोकातून, तेव्हा तिथलं गॅस्केट (पाणी अडवणारी रबरी पट्टी) बघाच. मशीन उघड्यावर असेल तर मी मेंब्रेनच्या भानगडीत पडत नाही, धातूच्या बटणांचं घेतो.

हे सगळं फक्त वॉश कोडच्या कीपॅडबद्दल. कार्डाचा पिन टाकायचं पॅड मात्र अजिबात उघडू नका. कोणी छेडछाड केली असं समजून ते आतल्या गुप्त किल्ल्या (पिन सांकेतिक करायचे कोड) पुसून टाकतं, आणि मग ते पुरवठादाराकडेच पाठवावं लागतं.

आणि हो, छपाई कुठल्या आकड्यांवर जास्त पुसलीय ते बघा. मॅनेजरच्या पासवर्डचेच आकडे असतील, तर तो आजच बदला.