मनमोकळे : ‘हात वर गेला की मी अजूनही वाकते’

प्रश्न : माझे वय ३४ आहे आणि मी निपाणीजवळच्या एका खेड्यात राहते. माझा पहिला नवरा तंबाखूच्या वखारीत कामाला होता. तो रोज पिऊन यायचा, मारायचा आणि मग माझ्या मनाविरुद्ध जवळ यायचा. आईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, ‘नवराच आहे तो, परका आहे का?’ सहा वर्षे नांदले आणि शेवटी फारकत घेतली. दोन वर्षांपूर्वी माझे दुसरे लग्न झाले. हे अतिशय शांत आहेत. आजवर एकदाही आवाज चढवून बोललेले नाहीत. तरीही फळीवरचा डबा काढायला यांनी हात वर केला की मी मान खाली घालून वाकते. रात्री दिवा मालवला की अंग लाकडासारखे होते आणि मी आढ्याकडे पाहत वासे मोजत पडून राहते. तंबाखूच्या हंगामात हा त्रास फार वाढतो. ‘माझे काही चुकते का?’ असे हे विचारतात आणि मला रडू कोसळते. मी पुन्हा संसार मांडायलाच नको होता का?

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते : संसार मांडण्यात तुमचे काहीही चुकलेले नाही. जे वाकते ते तुमचे मन नव्हे, सहा वर्षे मार चुकवायला शिकलेले तुमचे शरीर आहे, आणि घर बदलले, माणूस बदलला, ही बातमी त्याच्यापर्यंत अजून पुरती पोचलेली नाही.

धोका ओळखणारा मेंदूचा भाग विचार करणाऱ्या भागाच्या आधी जागा होतो. त्यामुळे ‘हे डबा काढत आहेत’ हे कळण्यापूर्वीच मान खाली गेलेली असते. साध्या आठवणीला ‘हे तेव्हा घडले’ अशी तारीख चिकटलेली असते. भीतीच्या क्षणी कोरल्या गेलेल्या आठवणीला ती अनेकदा नसते आणि म्हणून ती आठवण न वाटता आत्ताच घडत असल्यासारखी वाटते. त्यातही वासाचा मार्ग मेंदूच्या भावनांच्या केंद्रांपर्यंत इतर संवेदनांपेक्षा अधिक थेट जातो. हंगामात तुमच्या भागातल्या वखारींवरून येणारा तंबाखूचा उग्र दर्प दुसऱ्या कोणाला केवळ धंद्याचा वास वाटेल, पण तुमच्या शरीराला तो ‘तो घरी आला’ असे सांगतो. त्रास हंगामात का वाढतो, हे तुम्ही स्वतःच अचूक टिपले आहे.

वासे मोजण्याविषयी थोडे अधिक लिहिते, कारण त्याचीच लाज तुम्हाला सर्वांत जास्त वाटत असावी. पळता येत नाही आणि प्रतिकारही करता येत नाही, अशा वेळी शरीर गोठते आणि मन तिथून निघून जाते. त्या सहा वर्षांत तुम्ही वासे मोजलेत म्हणून तगलात. आज त्याची गरज उरलेली नाही, परंतु अंधार झाला, कोणी जवळ आले, की तो जुना बचाव न बोलावता हजर होतो. याचा यांच्यावरील प्रेमाशी संबंध नाही, आणि हे वाक्य त्यांनीही वाचावे अशी माझी इच्छा आहे.

आता एक प्रश्न मी तुम्हाला विचारते. या दोन वर्षांत तुम्ही यांना ‘आज नको’ असे एकदा तरी म्हटले आहे का? तुमच्या पत्रात तसा उल्लेख नाही आणि माझा अंदाज आहे की म्हटलेले नसावे. पहिल्या घरात ‘नको’ म्हणण्याची किंमत मारात मोजावी लागत होती. म्हणून अत्याचार सोसलेल्या अनेक स्त्रिया चांगल्या माणसाच्या घरीही नकार तोंडातून बाहेर पडू देत नाहीत, समोरच्याची मर्जी राखत राहतात आणि कधीतरी किरकोळ कारणावरून एकदम भडकतात. ज्या घरात ‘नको’ म्हणता येत नाही, तिथे शरीर ‘हो’ म्हणायलाही धजत नाही. म्हणून जवळीक कशी वाढवावी याच्याही आधी, तुमचा नकार ऐकला जातो, हा अनुभव तुमच्या शरीराला पुन्हा पुन्हा मिळाला पाहिजे.

हे बोलणे अंथरुणात काढू नका. दुपारी, परसदारी पावट्याच्या शेंगा सोलत बसला असाल तेव्हा काढा. हातात काम असले की नजर चुकवता येते आणि बोलणे सोपे जाते. सगळी हकीकत सांगण्याची गरज नाही. ‘पूर्वी माझ्यावर जबरदस्ती झाली आहे, त्यामुळे अंग घाबरते, तुमचे काही चुकलेले नाही,’ इतके सांगितले तरी त्यांच्या मनावरचा मोठा भार उतरेल. काही आठवडे केवळ शेजारी बसणे, हात हातात घेणे एवढेच, त्यापुढे काहीही अपेक्षित नाही, असे दोघांनी उघडपणे ठरवा. दिवा चालू ठेवा. त्यांनी पाठीमागून न येता समोरून, आधी बोलून जवळ यावे. तुम्ही त्यांच्या मनगटावर दोनदा टिचकी मारली की त्यांनी थांबायचे, कारण विचारायचे नाही आणि तोंड फिरवून झोपायचेही नाही. वासे मोजणे सुरू झाले की उठून बसा, पाय जमिनीला टेकवा, गार पाण्याने तोंड धुवा आणि आज कोणता वार आहे, आपण कोणत्या घरात आहोत, हे मोठ्याने म्हणा.

संबंधाच्या वेळी वेदना होत असतील किंवा स्नायू आपोआप आवळले जात असतील, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून दाखवा. त्यावर उपचार आहेत. ‘बाहेरची बाधा’ म्हणून कोणी देवऋषाकडे नेऊ पाहील, तर जाऊ नका.

मनावरच्या उपचारांबाबत आपल्या सीमाभागातल्या स्त्रियांची एक वेगळी अडचण असते. जी गोष्ट आईजवळ मराठीतही पुरती सांगता आली नाही, ती दवाखान्यात कन्नडमध्ये कशी सांगायची? म्हणून ‘मराठीत बोलू शकणारे कोणी आहे का?’ असे पहिल्याच भेटीत निःसंकोच विचारा. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, आणि तिच्या भाषांत मराठीही आहे. बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात आणि धारवाडच्या मानसिक आरोग्य संस्थेत मानसोपचारतज्ज्ञ भेटतात. निपाणीहून कोल्हापूर जवळ पडत असेल तर तिकडे गेलात तरी चालेल. गोळ्या दिल्या गेल्या, तर त्यांचा कामेच्छेवर परिणाम होतो का, हे डॉक्टरांना विचारा, मात्र त्या मनाने बंद करू नका.

तुमच्या आईच्या वाक्याविषयी लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. ‘नवराच आहे तो’ असे त्या म्हणाल्या, कारण बहुधा त्यांनाही कोणीतरी तसेच सांगितले असावे. परंतु २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने लैंगिक अत्याचाराचा समावेश घरगुती हिंसेत स्पष्ट शब्दांत केला आहे आणि त्या हिंसेतून नवऱ्याला वगळलेले नाही. तुमच्यावर जे झाले त्याला कायद्याच्या पुस्तकात नाव आहे. आईला आणि त्या माणसाला क्षमा करायची की नाही, हा सर्वस्वी तुमचा प्रश्न आहे. बरे होण्यासाठी क्षमा केलीच पाहिजे, हे मला मान्य नाही.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातला आहे. लग्नाला चार वर्षे झाल्यावर पत्नीने मला सांगितले की लहानपणी एका नातेवाईकाने तिच्याशी वाईट वर्तन केले होते. तो माणूस दर यात्रेला आमच्या घरी जेवायला येतो. मी तिला सर्व तपशील विचारावेत का?

उत्तर : विचारू नका. तिला सांगावेसे वाटेल तेव्हा ऐका आणि ‘तेव्हाच का नाही सांगितलेस?’ हे वाक्य तोंडातून निघू देऊ नका. लहान मुले बहुतेक वेळा ओळखीच्याच माणसाला घाबरून गप्प बसतात. केंद्र सरकारने २००७ साली तेरा राज्यांत केलेल्या पाहणीतही अत्याचार करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे मुलांच्या ओळखीचे आणि विश्वासातले होते. तिने चार वर्षांनी सांगितले, याचा अर्थ तुमच्यावर विश्वास बसायला तिला चार वर्षे लागली.

तुमच्या पत्रातली मला अस्वस्थ करणारी गोष्ट म्हणजे ती पंगत. दर यात्रेला ती त्या माणसाला ताट वाढते, पाण्याचा तांब्या नेऊन देते, आणि त्या रात्री तुमच्यापासून दूर सरते. तुम्ही नीट आठवून पाहिलेत तर हा क्रम तुमच्याही ध्यानात येईल. घरात लहान मुली असतील, तर त्यांना त्याच्याजवळ क्षणभरही एकटे सोडू नका. आमंत्रणे जाण्यापूर्वी तिला विचारा की त्याला बोलवायचे की नाही, आणि ती ‘नको’ म्हणाली, तर ते तुमच्या आईला तुम्ही सांगा, तिला सांगायला लावू नका. आईने कारण विचारले, तर ‘मला तो माणूस घरात नको आहे’ एवढे उत्तर पुरेसे आहे.