प्राणायामातला 'आयाम'

'प्राणायाम' या शब्दाची फोड 'प्राण + यम' अशी करावी की 'प्राण + आयाम' अशी, आणि त्याला 'श्वास रोखण्याचा व्यायाम' म्हणणे योग्य आहे का, अशी विचारणा झाली आहे. 'प्राण' आणि 'यम' (म्हणजे संयम) यांचा समास 'प्राणयम' असा होईल, त्यातून 'प्राणायाम' कधीही निघणार नाही. तरीही 'प्राणावरचा यम म्हणजे प्राणायाम' हे वाक्य योगवर्गांतून सर्रास शिकवले जाते, याचा मला मनस्वी राग येतो, कारण अष्टांगयोगात यम हे पहिले अंग आहे, प्राणायाम चौथे आहे, आणि हे वाक्य शिकवणाऱ्यांनाही ही दोन अंगे वेगळी असल्याचे ठाऊक असते.

'आयाम' म्हणजे लांबी. अमरकोशात वस्त्रांच्या संदर्भात 'दैर्घ्यमायाम आरोहः परिणाहो विशालता' अशी ओळ येते, म्हणजे कापडाची लांबी तो आयाम आणि रुंदी तो परिणाह. कापडाच्या दुकानात आपण ज्याला 'पन्हा' म्हणतो तो शब्द फारसी 'पहना'वरून आल्याचे सांगितले जाते. मला मात्र तो या 'परिणाहा'चाच वंशज वाटतो, कारण अर्थ तोच, विषय तोच आणि ध्वनिबदलही सहज पटण्याजोगा आहे. फारसी शब्दाशी साम्य दिसले की घरचा पूर्वज शोधायचाच नाही, ही सवय कोशकारांना शोभत नाही.

'यम्' धातूला 'आ' लागला की ताणणे, लांबवणे हा अर्थ येतो. धनुष्य ओढण्यालाही हेच क्रियापद वापरत. त्याच्या आधी आणखी 'वि' आला की 'व्यायाम' होतो. म्हणजे व्यायाम आणि प्राणायाम ही सख्खी भावंडे आहेत, आणि व्यायाम केवळ शरीराचा असतो हा समजही अलीकडचा आहे: बुद्धाच्या अष्टांगिक मार्गातला 'सम्मा वायामो', म्हणजेच सम्यक् व्यायाम, हा अकुशल विचार दूर ठेवून कुशल विचार वाढवण्याचा प्रयत्न आहे.

आयाम म्हणजे निरोधच, म्हणजे रोखणेच, असे म्हणणारे पंडित पतंजलींच्या योगसूत्रातल्या 'श्वासप्रश्वासयोर्गतिविच्छेदः' (२.४९), म्हणजे श्वास आणि उच्छ्वास यांची गती तोडणे, या शब्दांवर बोट ठेवतात. 'यम्'ला आवरण्याचा अर्थ आहे, हे खरेच. पण या मंडळींनी लगेच पुढचे सूत्रही वाचावे. तिथे पतंजली प्राणायामाला 'देशकालसंख्याभिः परिदृष्टो दीर्घसूक्ष्मः' म्हणतात. श्वास स्थळ, काळ आणि संख्या यांनी मोजला जातो, दीर्घ होतो आणि सूक्ष्म होतो. नुसते नाक दाबून बसणाऱ्याच्या वाट्याला यातले 'दीर्घ' कसे येणार?

शरीरही या अर्थाला साक्ष देते. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित जलद होतात आणि सोडताना मंदावतात, म्हणून उच्छ्वास लांबवला की हृदयावर व्हेगस या मज्जातंतूचा शांतवणारा प्रभाव अधिक वेळ राहतो. 'चले वाते चलं चित्तं', म्हणजे श्वास चळला की चित्तही चळते, असे हठप्रदीपिका हा हठयोगाचा ग्रंथ म्हणतो ते याच अनुभवावरून, आणि ताणलेल्या मनाला संथ श्वासाने आराम मिळतो तोही याच वाटेने.

तेव्हा 'व्यायाम' म्हणायला माझी हरकत नाही. 'रोखण्याचा' ऐवजी 'लांबवण्याचा' म्हणावे. रोखण्यासाठी 'कुंभक' हा स्वतंत्र शब्द आहे, आणि पूरक (श्वास घेणे) व रेचक (श्वास सोडणे) यांच्याप्रमाणे तो प्राणायामाचा केवळ एक भाग आहे.