दंतवैद्यांचा सल्ला : झोपेत दात खाणे आणि नाइट गार्ड

प्रश्न : माझे वय ४२ असून मी बँकेत नोकरी करते. मी झोपेत करकर दात खाते, असे यजमान सांगतात. सकाळी जबडा आंबलेला असतो आणि कानशिले ठणकतात. डेंटिस्टनी नाइट गार्ड, म्हणजे रात्री झोपताना दातांवर बसवायचे आवरण, करून घ्यायला सांगितले आहे. पण गरम पाण्यात मऊ करून वापरायचे गार्ड ऑनलाइन फारच स्वस्तात मिळतात. ते चालतील का? गार्डमुळे ही सवय सुटेल का?
— एक वाचिका, सांगली

उत्तर : आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथेच बहुतेकांची निराशा होते. नाइट गार्डने दात खाणे थांबेलच असे नाही. दातांवर दात घासण्याऐवजी ते गार्डवर घासले जातात, झीज गार्डची होते आणि दात वाचतात. दातावरचे एनॅमल एकदा झिजले की पुन्हा तयार होत नाही, म्हणून एवढे संरक्षणही मोलाचे आहे. आरशासमोर उभे राहून आपले सुळे पाहा. त्यांची टोके सपाट झाली असतील किंवा जिभेच्या कडेला दातांचे ठसे उमटलेले असतील, तर डेंटिस्टना तसे आवर्जून सांगा.

आता स्वस्त गार्डविषयी. ते घरीच चावून बसवायचे असल्यामुळे सगळ्या दातांवर सारखे टेकेल याची खात्री नसते, आणि त्याचा मऊ पदार्थ काही जणांना आणखीच चावत राहायला लावतो. फक्त पुढच्या दातांवर बसणारी छोटी गार्ड तर देखरेखीशिवाय वापरूच नयेत. मागचे दात रोज रात्री मोकळे राहिले तर ते हळूहळू वर सरकू शकतात आणि दातांची ठेवणच बिघडू शकते. डेंटिस्ट दोन्ही जबड्यांची मापे घेऊन, बहुधा वरच्या दातांसाठी, कडक अ‍ॅक्रिलिकचे गार्ड लॅबमधून करून घेतात. खरे कौशल्य त्यानंतर दिसते : गार्ड तोंडात बसवून त्यावर रंगीत कार्बन पेपर ठेवतात, आपल्याला दात मिटायला सांगतात आणि जिथे ठिपका गडद उमटतो तो उंचवटा घासून काढतात. उजवीकडचे आणि डावीकडचे ठिपके सारखे उमटेपर्यंत हे चालते. गार्डसाठी मोजलेल्या पैशांत हे काम मोठे आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. एखाद्या दातावर कॅप बसवायची असेल तर ती आधी बसवून घ्या, नाहीतर गार्ड नव्याने करावे लागू शकते.

गार्ड थंड पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा, हवा खेळेल अशा डबीत ठेवा आणि दर तपासणीला सोबत न्या. गरम पाण्याने त्याचा आकार बिघडतो.

याच्या जोडीला कारणही शोधायला हवे. मानसिक ताण, रात्री उशिराचा चहा-कॉफी, तंबाखू, मद्य आणि नैराश्यावरची काही औषधे यांनी दात खाणे वाढते. मात्र औषध स्वतःहून बंद करू नका, ज्यांनी दिले त्यांच्याशी बोला. आपण मोठ्याने घोरत असाल, झोपेत श्वास अडत असेल किंवा दिवसा डुलक्या येत असतील, तर गार्ड करण्यापूर्वी झोपेची तपासणी करून घ्या, कारण अशा काही रुग्णांचा श्वासाचा त्रास गार्डमुळे वाढू शकतो. दिवसा काम करताना दात आवळलेले आहेत का, याकडेही लक्ष द्या. ओठ मिटलेले असले तरी वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसावेत. ही सवय लागली की जबड्याचा शीण पुष्कळ कमी होतो.

प्रश्न : माझा ६ वर्षांचा नातू झोपेत दात खातो. जंत झाले असतील, असे शेजारी म्हणतात. त्याला गार्ड द्यावे का?
— एक आजोबा, नगर

उत्तर : सहसा देत नाहीत. या वयात दुधाचे दात पडून नवे येत असतात, त्यामुळे आज घेतलेले माप लवकरच जुने होते. बहुतेक मुलांचे दात खाणे वाढत्या वयाबरोबर आपोआप कमी होते. जंतांचा याच्याशी संबंध असल्याचा ठोस पुरावा नाही; जंताचे औषध द्यायचे असल्यास ते बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने, जंतांसाठी म्हणून द्यावे. दात दुखत असतील, त्यांचे तुकडे पडत असतील किंवा नातू तोंड उघडे ठेवून घोरत असेल, तर मात्र त्याला डेंटिस्टकडे आणि कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे न्या.